भोपळ्याला पहिली सुरी

ऑक्टोबर उजाडला की शाळेत खोका येतो. कुठल्याशा मोठ्या शहरातली कंपनी आमच्या बालवाडीचा अभ्यासक्रम ठरवते आणि महिन्याच्या महिन्याला खोका पाठवते. ऑक्टोबरच्या खोक्यावर नारिंगी भोपळा असतो. त्याला डोळे असतात, दात असतात आणि तो हसत असतो. आत सूचनांचे कागद. मुलांना झाडांखाली न्या, गळून पडलेली नारिंगी पानं गोळा करू द्या, हवेतला नवा गारवा त्यांना अनुभवू द्या. हे वाचताना मी पदराने मान पुसत असते. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरल्यावरचं चटके देणारं ऊन आणि शाळेमागच्या शेतात पिवळं पडत चाललेलं भात. पानं गळतात ती फाटकाजवळच्या जंगली बदामाची, आणि ती लाल असतात. आम्ही लालच चिकटवतो. कंपनीचं कुणी बघायला येत नाही.

शाळा बेळगावच्या कडेला, हिंडलग्याच्या रस्त्यावर. इंग्रजी माध्यमाची, भाड्याच्या घरातली, अंगणात एक घसरगुंडी असलेली. मुलं घरून मराठी आणतात, कानडी आणतात, उर्दू आणतात. भोपळा टेबलावर ठेवला की एक म्हणतो डांगर, दुसरी म्हणते कुंबळकाई, तिसरा म्हणतो कद्दू, आणि सगळ्यांच्या तोंडून पंपकिन काढून घेण्याचा पगार मला मिळतो. पन्नाशी ओलांडल्यावर चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसणं सोपं नसतं. बसता येतं, उठताना टेबलाचा पाय धरावा लागतो.

तरी भोपळ्याच्या या आठवड्यावर माझा राग नाही. प्लास्टिकच्या मोठ्या टबात पाणी भरायचं आणि विचारायचं, भोपळा बुडेल की तरंगेल? एवढा जड, दोघांना मिळून उचलवत नाही असला, तो बुडणारच, असं सगळा वर्ग ओरडून सांगतो. मग तो डुलत डुलत तरंगतो आणि मुलांचे आ वासलेले चेहरे बघताना माझे गुडघे मला आठवत नाहीत. मग त्याच्या खाचांवरून बोटं फिरवायची. कापल्यावर आतला गर हाताने ओढून काढायचा. काही मुलं शी करतात, काही कोपरापर्यंत हात घालतात. बिया धुऊन कठड्यावर कागदावर वाळत घालायच्या, चार ओल्या कापसात रुजत ठेवायच्या, उरलेल्या चित्रावर चिकटवायच्या. फोडींचे रंगात बुडवून ठसे काढायचे. एका वर्षी आम्ही खोक्यावरच्यासारखं तोंडही कोरलं होतं. ते बघून एक मुलगा म्हणाला, "टीचर, हे आमच्या नव्या घराला टांगलंय!" खरंच होतं. दृष्ट लागू नये म्हणून बांधकामावर लोक तसला राक्षसाचा चेहरा काढलेला कोहळा टांगतात. त्यानंतर आम्ही तोंड कोरायचं सोडून दिलं.

पण हे सगळं भोपळा कापल्यावरचं. आधी तो कापायला लागतो आणि तिथंच गाडं अडतं. आमच्या भागात, आणि आमच्याच असं नाही, बाईमाणसाने अख्खा भोपळा कापायचा नसतो. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा मानतात, बाईने कापला तर पोटच्या लेकरावर बेततं म्हणतात. आधी कुणा पुरुषाने सुरी लावून द्यायची, मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. घरात पुरुष नसेल तर शेजारच्याला हाक मारायची. हे कुठल्या पोथीत नाही, पण चुलीपुढं त्याला पोथीपेक्षा जास्त मान आहे.

खोका पहिल्यांदा आला त्या वर्षी भोपळा दोन दिवस स्टाफरूममध्ये तसाच बसून होता. शाळेत पुरुष म्हणजे एक व्हॅनचे ड्रायव्हरमामा, आणि ते मुलांना सोडून थेट घरी जायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गाच्या बाईंनी सुरी माझ्यापुढं सरकवली. या नंदगडकडच्या, शेतकरी घरातल्या, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. तेव्हा त्यांचा मुलगा आमच्याच बालवाडीत होता. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यात हे काय न्हाय न्हवं? मग तुम्हीच कापा की."

आमच्यात म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आमचं घर बौद्ध, मूळ निपाणीचं. आजोबा तंबाखूच्या वखारीत राबले, वडीलही तिथूनच सुरुवात करून रात्रशाळेत शिकले आणि कारकून झाले. मी सुरी घेतली आणि भोपळा कापला. मनात थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर विचार आला, की भोपळा कापून काही होत नाही असं यांना वाटत असतं, तर यांनीच कापला असता. होतं, असंच यांना वाटतं. म्हणजे व्हायचंच असेल तर ते माझ्या घरी झालं तरी चालेल, असा त्या गोड बोलण्याचा अर्थ. पुढं दरवर्षी तो भोपळा माझ्यापुढं आला. कुणी विचारायचंही बंद झालं, नुसती सुरी आणून ठेवायचे. मीही कापत राहिले. भांडायला त्राण लागतं, आणि दिवसभर तीस पोरांची नाकं पुसून ते शिल्लक राहत नाही.

वडिलांनी आमच्या घरी ही गोष्ट कशी मोडली ते मला चांगलं आठवतं. मी लहान होते. एका संध्याकाळी ते बाजारातून मोठा तांबडा भोपळा घेऊन आले आणि आईपुढं विळी ठेवली. आई बिड्या वळत बसली होती. "काप," ते म्हणाले. आई म्हणाली, "तुम्ही जरा विळी लावून द्या की." "न्हाय. आता तूच कापायचास. भाजी हाय ती, दुसरं काय न्हाय." दादा, माझा थोरला भाऊ, समोर बसून चुरमुरे खात होता. आईने भोपळा विळीवर धरला, कापला आणि त्याबरोबर बोटही कापून घेतलं. "भोपळ्याकडं बघ की!" म्हणून वडील हसले, आम्ही पोरंही हसलो. हळदीची चिमूट लावून आईने भाजी केली. दादा आज निपाणीत पेन्शन खातो आणि साखर वाढली म्हणून कुरकुरतो. त्याला काहीही झालं नाही. घरी ही गोष्ट आम्ही विजयाची म्हणून सांगत आलो.

तर गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. माझी लेक चिकोडीला दिलेली. तिला सातवा महिना होता. याआधी दोनदा दिवस जाऊन राहिले नव्हते. डॉक्टरांनी या वेळी अंथरुणातून उठायचंच नाही असं सांगितलेलं, म्हणून तिला माझ्याकडे आणलं होतं. तिचे वडील बदलीच्या नोकरीत, महिन्यातून एखाद्या वेळी घरी. पहाटे उठून तिचं खाणं करायचं, शेजारणीला चावी द्यायची, शाळेत जायचं, दुपारी परत येऊन तिचं अंग पुसायचं, केस विंचरायचे, रात्रीचं करायचं. एवढी दमायचे की तिच्याशी बोलता बोलता झोप लागायची. ती दिवसभर छताकडे बघत पोटावर हात ठेवून पडलेली असायची. बाळ हललं की बोट वर करून दाखवायची. बोलायची नाही, जणू बोललं तर ते थांबेल.

एक दिवस मी तिला भात कालवून देत होते, तेव्हा तिने विचारलं, "आई, तुमचा भोपळ्याचा आठवडा आला ना?"

"आला. उद्या."

"या वर्षी तू कापू नकोस."

माझा हात ताटातच राहिला. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली, आजोबांच्या मांडीवर वाढलेली. मी चिडले. "तू हे बोलतेस? आजोबा असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

"आजोबा नाहीत. आणि काही होत नसतं हे मला माहीत आहे. मला सगळं माहीत आहे, आई. पण काही झालंच, तर मला जन्मभर तो भोपळाच आठवेल. मी दुसऱ्या कशाचा विचारच करू शकणार नाही." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. तिला लाज वाटत होती, ते मला दिसलं. मी म्हटलं, "बरं. नाही कापत." आणि उरलेला भात मीच खाल्ला, कारण ती जेवेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर भोपळा टेबलावर होता. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी गावाहून आणला होता. "मॅडम, लई मोठा गावलाय बघा यंदा," म्हणत त्यांनी सुरी माझ्याजवळ ठेवली. मुलं भोवती गोल करून बसलेली. पालकांच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ हवा होता, म्हणून आयामावशी मोबाईल धरून उभ्या होत्या.

"मी यंदा कापणार नाही," मी म्हटलं.

"का ओ?"

सांगायचं नव्हतं. पण दुसरं कारण सुचायलाही डोकं ताजं लागतं. "लेक माहेरी आलीय. सातवा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत."

बाईंचा चेहराच बदलला. "अगं बाई! आदी सांगायचं न्हाय व्हय, आक्का!" त्यांनी सुरी उचलून कपाटावर ठेवली, माझा हात लागणार नाही अशी. "तुम्ही या खोलीत थांबू बी नगा." आयामावशींनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, चहा आणून दिला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. लेकीला कुठलं डोहाळं लागलंय, काय आणून देऊ, कुठल्या डॉक्टरकडे दाखवलंय, सगळं विचारून झालं. इतक्या वर्षांत मी त्यांची मॅडम होते. त्या सकाळी मी आक्का झाले. चहा हातात धरून मी व्हरांड्यात बसले होते आणि मला रडू येत होतं, आणि ते रागाचं होतं. मी धीट होते तोवर मी परकी होते. घाबरले आणि यांच्यातली झाले.

आता पुरुष शोधणं आलं. ड्रायव्हरमामा व्हॅनच्या पासिंगला गेलेले. आयामावशी रस्त्यावर गेल्या. समोरचं सलून मंगळवारचं बंद. एका मोटारसायकलवाल्याला त्यांनी हात केला, तर तो वर्गणी मागायला आल्या असं समजून गाडी पळवून गेला. परत येऊन त्या म्हणाल्या, "वर्गातल्या एकाद्या पोराचा हात लावून घिऊया का सुरीला? बाप्याच हाय न्हवं त्यो बी?" मी व्हरांड्यातून ओरडले, की चार वर्षांच्या पोराच्या हातात सुरी दिलीत तर याद राखा. तोवर मुलांचा धीर सुटलेला. एकाने चड्डी ओली केली, दोघांनी भोपळ्यावर ढोल वाजवायला घेतला. आणि एक मुलगी, वर्गातली सगळ्यात बोलकी, शेजारच्या बाईंना म्हणाली, "टीचर, तुम्ही का नाही कापत? तुम्हाला येत नाही?"

बाई म्हणाल्या, "बास झालं." त्यांनी कपाटावरची सुरी काढली.

मी खुर्चीतून उठून दारात आले. "थांबा की, मामा येतील थोड्या वेळात."

"पोरं किती येळ बसतील, आक्का? एवढी वर्सं तुम्ही कापलासा. एक डाव मी कापते."

मला आनंद व्हायला हवा होता. वडील असते तर त्यांनी टाळी वाजवली असती. पण त्यांच्या हातातल्या सुरीकडे बघताना मला त्यांचा मुलगा आठवला. तो एकुलता एक, आता पाचवीत, मागच्या गल्लीतल्या शाळेत. बाईंनी भोपळ्याला सुरी लावली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या, आणि सुरी दाबताना त्या भोपळ्याकडे बघतच नव्हत्या. खिडकीतून मागच्या गल्लीकडे बघत होत्या. सुरी सालीवरून घसरली.

"भोपळ्याकडं बघा!" मी ओरडले.

आणि ओरडल्याबरोबर मला आमचं निपाणीतलं घर दिसलं, आणि आई. आईसुद्धा भोपळ्याकडे बघत नव्हती. ती दादाकडे बघत होती. म्हणून बोट कापलं. आम्ही सगळे हसलो होतो.

मी पुढं जाऊन भोपळा दोन्ही बाजूंनी घट्ट धरला. "करा आता," म्हटलं. त्यांनी जोर लावला, साल कर्रकन फाटली आणि दोन भकलं टेबलावर पडली. मुलं ओरडली. आयामावशींच्या मोबाईलवर व्हिडिओत सगळं नीट आलं, फक्त आम्हा दोघींची डोकी नाहीत.

बाईंनी हात धुतले आणि चपला अडकवून पर्ससुद्धा न घेता फाटकाबाहेर गेल्या. त्यांच्या वर्गातली मुलंही मी माझ्या वर्गात घेतली. दोन्ही वर्गांनी मिळून गर ओढला, बिया काढल्या, बाकं, फरशी आणि एकमेकांचे केस नारिंगी करून ठेवले. मी मधेमधे फाटकाकडे बघत होते. काही वेळाने त्या आल्या. तोंड धुऊन आलेल्या, पदर ओला.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "डबा खाईत हुता. मला बघून लाजला. म्हणला, मम्मी तू कशाला आलीस."

मग त्या खाली बसून मुलांबरोबर बिया वेगळ्या करायला लागल्या, आणि मीही टेबलाचा पाय धरून त्यांच्याशेजारी बसले. मी इतकी वर्षं कापला तो नुसता भोपळा होता. मला त्याची भीतीच नव्हती, त्यामुळे माझं काही पणाला लागलं नव्हतं. या बाईला ती भीती खरी होती, आणि तिने माझ्या लेकीसाठी कापला. एवढी वर्षं तोच भोपळा तिने माझ्याकडे सरकवला होता हेही खरं. दोन्ही खरंच होतं, आणि मला त्या दुपारी त्याचा हिशोब लावत बसायचा कंटाळा आला.

घरी निघताना त्यांनी माझ्या पिशवीत भोपळ्याची मोठी फोड कोंबली. "लेकीला घारगे करून घाला." मी दारात पाऊल टाकताच लेकीने अंथरुणातून विचारलं, "कापलास?"

"नाही."

"मग कुणी कापला?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना एकच मुलगा आहे ना?" मी हो म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आई, मी तुला असं सांगायला नको होतं. तू कापला असतास तर निदान कुणी घाबरलं तरी नसतं."

"तू घाबरली असतीस."

"माझं माझ्यापाशी राहिलं असतं." तिने नाक पुसलं. "त्यांना फोन लावून दे."

"काय बोलणार आहेस?"

"तू लावून तर दे."

मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन भोपळा किसायला घेतला. त्याचा चीक बोटांवर वाळला की कातडी ओढल्यासारखी होते, दोन दिवस जात नाही. आतून आधी लेकीचं रडणं ऐकू आलं. मग ती बाईंच्या मुलाची चौकशी करत होती, तो कितवीत आहे, त्याला काय आवडतं. मग ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी गुळात कीस शिजवला, पीठ मळलं आणि घारगे थापता थापता भिंतीला टेकून उभीच राहिले, कारण बसले असते तर उठले नसते.

जानेवारीत नात झाली. वेळेवर, धडधाकट, आवाज असा की गल्ली जागी व्हावी. शेजारच्या वर्गाच्या बाई नारळ, खणाचा तुकडा आणि मुलाला घेऊन बघायला आल्या. बाळाला मांडीवर घेऊन त्यांनी एकदा आपल्या मुलाकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि म्हणाल्या, "दोघं बी चांगली हाईत." भोपळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

यंदाही खोका आला. तोच दात काढून हसणारा भोपळा, तीच नारिंगी पानं, तोच गारवा. नात रात्री झोपू देत नाही, लेक नोकरीवर परत रुजू झाली म्हणून बाळाचंही माझ्याकडेच आहे, आणि गुडघे आता जिन्यावरच बोलायला लागलेत. ड्रायव्हरमामा त्या दिवशी शाळेतच होते, व्हॅन धूत अंगणात. त्यांना कुणी हाक मारली नाही. मुलं भोपळ्याभोवती बसली. शेजारच्या बाईंनी सुरी आणली, पण माझ्यापुढं ठेवली नाही. हातातच धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आक्का," त्या म्हणाल्या, "यंदा तुम्ही का मी?"